माझ्या मागच्या सीटवरचा शु-हाओ

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. दीडशे सीसीची, एके काळी लाल असलेली. तैवानच्या दक्षिणेला, पिंगतुंगमध्ये, माझे सारे आयुष्य गेले. गल्लीतले लोक मला भुताची गाडी समजतात. इथे भूत हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही, 'भले भाऊ' म्हणतात, म्हणून मी भल्या भावाची गाडी. त्यांचे म्हणणे खोटे नाही.

शु-हाओने मला नवी कोरी घेतली, ती पहिल्या नोकरीच्या पगारातून. रोज संध्याकाळी तो मला पुसत असे आणि पुसता पुसता माझ्याशी गप्पा मारत असे. त्याच्या आईची, यिंग-मावशींची, नाक्यावर न्याहारीची टपरी होती. सकाळी निघताना त्या माझ्या हँडलला सोयाच्या गरम दुधाची पिशवी अडकवत. सुट्टीच्या दिवशी आम्ही डोंगरातल्या वळणांवर जात असू. मला ती वळणे फार आवडत, आणि मावशींना नेमका त्यांचाच धसका होता.

शेवटच्या सकाळी मावशींचा तोल सुटला. "जा, जा! त्या गाडीशीच लग्न कर! घरी येऊच नकोस, तिच्यावरच झोप!" शु-हाओ हसला आणि त्याने किक मारली. दुपारी एका वळणावर वाळू पसरलेली होती. मी एका बाजूला घसरले, तो दुसऱ्या बाजूला. मला नंतर उचलले, सरळ केले. त्याला कोणी सरळ करू शकले नाही.

मित्रांनो, आमच्याकडे अपघातात गेलेल्याचा जीव त्या जागीच घुटमळतो असे मानतात. घरच्यांनी पुरोहिताला घेऊन तिथे जायचे, नाव घेऊन हाक मारायची आणि त्याला घरी आणायचे. वाटेत पूल लागला की मोठ्याने सांगायचे, नाहीतर त्याला पाणी ओलांडता येत नाही. मावशींनी हे सगळे केले. हातात उदबत्ती धरून त्या मोटारीत बसल्या आणि प्रत्येक पुलावर काच खाली करून घसा बसेपर्यंत ओरडल्या, "हाओ, पूल आला रे, चल!"

पण शु-हाओ त्या मोटारीत बसलाच नव्हता. तो आपल्या नेहमीच्या जागी, माझ्यावर बसला होता. आणि मी होते लो काकांच्या छोट्या ट्रकमध्ये. लो काका म्हणजे आमच्या गल्लीतले गॅरेजवाले. शु-हाओला त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. मावशींचे रडणे ऐकवेना म्हणून त्यांनी दुसरा रस्ता धरला. नदीवरच्या लांबच लांब पुलावरून जाताना ते स्वतःच ढसाढसा रडत होते. पूल आला हे सांगायचे राहूनच गेले. माझ्या सीटवरचे वजन तेव्हा नुसते थरथरत होते. घर आले तरी ते उतरले नाही, कारण आपण नदीच्या कुठल्या काठाला आहोत हेच त्याला कळत नव्हते.

घरी देव्हाऱ्यासमोर मावशींनी चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन लाकडी फाकी टाकल्या. "हाओ, आलास का रे घरी?" एक फाक उताणी आणि एक पालथी पडली की उत्तर 'हो' असते. दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला कोणी नुसते हसते आहे. त्यांनी पुन्हा टाकल्या, दुसऱ्या वर्षी टाकल्या, तिसऱ्याही वर्षी टाकल्या. 'हो' आलेच नाही.

"मीच म्हटलं ना, गाडीवरच झोप," त्या माझ्या टाकीवर हात ठेवून म्हणत. "आयुष्यात एकदा म्हणून पोरानं आईचं ऐकलं!" मला फार वाटे की ओरडून सांगावे, तो रुसलेला नाही हो, तो वाट चुकलाय. पण माझ्याकडे फक्त हॉर्न होता, आणि बॅटरी कधीच उतरली होती.

शेवटी त्यांनी मला लो काकांच्या हवाली केले. "ही समोर दिसली की घास घशाखाली उतरत नाही माझ्या. कुणालाही दे. पण डोंगरात जाणाऱ्याला नको."

चांद्र पंचांगातल्या सातव्या महिन्यात, म्हणजे भले भाऊ मोकळे सुटतात त्या महिन्यात, आमच्याकडे कोणी गाडी विकत घेत नाही. गॅरेजे ओस पडतात आणि भाव उतरतात. नेमकी त्याच महिन्यात वान-छिंग आली. दातांच्या दवाखान्यात काम करणारी, तुडतुडीत मुलगी. समुद्राकाठच्या ट्रॅकवर गाडी पळवायला शिकायचे, म्हणून तिला स्वस्तातली गाडी हवी होती.

तिने आधी एका चकचकीत निळ्या गाडीवर हात फिरवला.

"ती नको," लो काका म्हणाले. "शिकताना तू पडणार. त्या गाडीचं एक प्लास्टिक फुटलं की चार रात्री रडशील. जी आपटली तरी पोटात कालवाकालव होणार नाही अशी घे. टायर स्वस्त, सामान कुठल्याही गल्लीत मिळणारं. ताकद कमी असली तर उलट बरं, वळण घ्यायला तरी शिकशील."

"आणि ही लाल?"

"ही आधीच पडलेली आहे."

"कुणाची होती?"

काकांनी मान खाजवली. "एका चांगल्या मुलाची."

तिने पुढे विचारले नाही. चेन ओढून पाहिली, चाके फिरवून पाहिली आणि मला घेतले. ट्रॅकसाठी माझे आरसे काढले, पडल्यावर काचा विखरू नयेत म्हणून दिव्यांवर चिकटपट्टी लावली, तेल सांडू नये म्हणून तेलाचा बोल्ट तारेने बांधला. आरसे गेले याचे मला बरेच वाटले. तिला त्यांत काही दिसत नव्हते, मला दिसत होते.

ती बसली तेव्हा शु-हाओ मागे सरकला. मुळात सभ्य मुलगा.

ट्रॅकवर मी कितीतरी वर्षांनी पळाले, मित्रांनो! कोणी कौतुकाने पाहावे अशी मी राहिले नव्हते, पण इंजिन अजून खणखणीत होते. मात्र समुद्राकडच्या उजव्या वळणावर मी दर फेरीला मागून दबत असे आणि बाहेर फेकली जात असे. एकदा तर वान-छिंग वाळूतच गेली. मला ट्रकमधून ट्रॅकवर आणणारे काका कडेलाच उभे असत; गुडघे झाडत ती त्यांच्याकडे आली. "काका, मागे कोणीतरी बसल्यासारखं वाटतं हो."

काकांनी माझे मागचे शॉकअब्जॉर्बर बदलले. पुढच्या खेपेला तेच. त्यांनी माझ्या रिकाम्या सीटवर तळहात दाबून पाहिला, तर तिथे कोणी थरथरत बसलेले हाताला जाणवले, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "पूल," ते म्हणाले. "पुलावर मी तोंडच उघडलं नाही."

त्यांनी तिथूनच मावशींना फोन लावला. मावशी टपरी तशीच टाकून, एप्रन न सोडता ट्रॅकवर आल्या. काकांनी मान खाली घालून सगळे सांगितले. मावशींनी आधी त्यांच्या दंडावर सणसणीत चापट मारली. "गाढवा! इतकी वर्षं मला वाटत होतं पोरगं माझ्यावर रुसलंय!" आणि त्या मटकन खाली बसून रडल्या. बाजूला उभी असलेली वान-छिंगही हेल्मेट छातीशी धरून रडत होती.

मग मला ट्रकमध्ये चढवले आणि काकांनी घरी जायला तोच लांब पुलाचा रस्ता धरला. मावशी मागे माझ्याजवळ उभ्या राहिल्या, एका हातात उदबत्ती, दुसरा हात माझ्या सीटवर. पुलाच्या तोंडाशी त्यांचा आवाजच फुटेना. काकांनी गाडी थांबवली. मागचे लोक हॉर्न वाजवू लागले.

"मावशी, बोला ना," मला दुसऱ्या बाजूने धरून उभी असलेली वान-छिंग म्हणाली.

"हाओ," त्या म्हणाल्या. "पूल आला, बाळा. मी आहे." नंतर मात्र त्या थांबल्याच नाहीत. "अजून पूलच आहे हं. खाली पाणी आहे, घाबरू नकोस. हा बघ काठ आला." त्या लांब पुलावर त्या बोलतच राहिल्या.

घरी त्यांनी फाकी टाकल्या. एक उताणी, एक पालथी. मावशींनी तिकडे नीट पाहिलेही नाही. माझ्या सीटवरचे वजन उतरलेले त्यांना माझ्याआधी कळले असावे. त्या दाराकडे वळून म्हणाल्या, "आलास? हात धू. जेवायला वाढते." आणि स्वयंपाकघरात गेल्या.

आता मी वळणावर दबत नाही. वान-छिंग माझे कौतुक करते, आणि मला मात्र फार एकटे वाटते.

मित्रांनो, जुनी गाडी स्वस्त मिळाली तर जरूर घ्या. तिला वेळेवर तेल घाला, चेन कोरडी ठेवू नका, आणि तिच्यावर आधी कोण बसत होते ते विचारल्याशिवाय राहू नका. आणि घरातले कोणी गाडी काढत असेल तर खुशाल रागवा, पण किक बसण्याआधी धावत बाहेर जा आणि 'लवकर ये' म्हणा. गाडीच्या आवाजात त्याला ते ऐकू आले नाही तरी चालेल, गाडी ऐकते.