आठव्या वचनापर्यंत

ताईने गोळ्यांची पाकिटं भावाच्या टेबलावर आपटली. चर्चच्या वेदीसाठी फुलदाणीत फुलं लावत बसलेला तो पाळक भाऊ दचकला.

"शिंपीणबाईंच्या आहेत. साखरेच्या आजाराच्या. एकही पाकीट फोडलेलं नाही."

"तुझ्याकडे कशा?"

"त्यांनी कचऱ्यात टाकल्या होत्या, मी उचलून आणल्या. महिन्यापूर्वी तू छातीठोकपणे वाचलंस ना, विश्वासणाऱ्यांनी हात ठेवले की आजारी बरे होतील म्हणून? उद्या चर्चचे पंच त्यांच्या डोक्यावर हात ठेवणार आहेत. बाईंना सुईत ओवायला दोरा दिसत नाही, पायाची जखम चिघळलीय. आणि वर हसून मलाच सांगतात, औषध घेतलं तर देवावर अविश्वास नाही का होणार!"

"मी कुणाला गोळ्या टाकायला सांगितलं नाही."

"टाकू नका, असंही सांगितलं नाहीस."

शाळेत इतिहास शिकवण्यात ताईचा जन्म गेला. निवृत्तीनंतर तिने बायबल कसकसं तयार झालं याचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा नातलगांनी नाकं मुरडली. म्हातारपणी सुखाचा जीव दुःखात घालायची हौस! तो दुःखात पडलाही होता. मार्कचं शुभवर्तमान सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबतं, हे वाचलं त्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं. येशूच्या रिकाम्या कबरेपासून बायका पळत सुटतात आणि भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत. तिथेच संपतं. साप उचलण्याचं, विष पचवण्याचं, हात ठेवून बरं करण्याचं जे काही पुढे येतं, ते कुणीतरी मागाहून जोडलेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

हे सगळं तिने एका दमात भावाला ऐकवलं. तो चिडेल, वाद घालेल, म्हणून ती पदर खोचूनच आली होती.

"माहीत आहे," तो म्हणाला. "पाळकाच्या शिक्षणात दुसऱ्याच वर्षी शिकवतात."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आणि इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?"

"काय सांगू लोकांना? एक वचन सैल आहे म्हटलं की दुसरं ओढून बघतील. त्यांच्याजवळ दुसरं आहे काय? त्यांचा विश्वास उडाला तर तू भरून देणार आहेस?"

"माझा उडाला का? मी आजही गुडघे टेकते. उलट त्या घाबरलेल्या बायका मला पहिल्यांदा खऱ्या वाटल्या. उगाच विश्वासाचं नाव पुढे करू नकोस. तुला पंचांची भीती वाटते, दुसरं काही नाही."

"हळू बोल, ताई."

तेवढ्यात भावजय ओल्या कपड्यांची बादली घेऊन दारावरून गेली. पाळकाने मान न वळवताच, रोजच्या सवयीने विचारलं,

"अगं, गोळी घेतलीस का?"

"घेतली हो, न्याहारीनंतर लगेच."

बादलीची कडी वाजत लांब गेली. पाळकाचे कान लाल झाले.

"वा रे वा!" ताई म्हणाली. "आपल्या बायकोला गोळी आणि लोकांच्या बायकांना वचन."

पाकिटं तिथेच टाकून ती निघाली.

रविवारी शिंपीणबाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या, एका पायात चप्पल, दुसऱ्याला फडकं गुंडाळलेलं. ताई मागे धुमसत बसली. हात ठेवण्याआधी तोच अध्याय पुन्हा वाचायचा, असा पंचांचा दंडक होता. पाळक वाचू लागला. बायका थरथरत पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या, इथवर येऊन तो थांबला. बाह्या सावरत पुढे सरकलेले पंच जागीच थबकले.

"पुढचं वाचा, पाळकसाहेब," थोरल्या पंचांनी बजावलं.

"सर्वांत जुन्या प्रतींत पुढचं नाही."

आवाज इतका बारीक होता, की मागच्या बाकांवर ऐकूच गेलं नाही. त्याला पुन्हा सांगावं लागलं. कुजबुज उठली, कुणीतरी तरातरा बाहेर निघून गेलं. त्याने पुस्तक मिटलं. ताईचा राग तरी उतरला नव्हता. एवढंसं वाक्य बोलायला या माणसाला अर्धं आयुष्य लागलं!

थोरले पंच उठून उभे राहिले. पाळकाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो पायऱ्या उतरून शिंपीणबाईंपाशी आला, खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, आणि घरातल्या त्याच आवाजात, सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं विचारलं,

"बाई, गोळी घेतलीत का?"