आठवी चौकट

“अजून आहेत ना?” सकाळपासून पाचव्यांदा त्याने फोनवर विचारलं.

“आहेत,” पलीकडून आजारी नटाची बायको म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, आजची संध्याकाळ निघाली तर बघू.”

“निघेल हो. निघायलाच पाहिजे,” तो म्हणाला, आणि ते अगदी पोटातून आलं होतं.

ऑफिसात त्याला सगळे चौकटराव म्हणत. वर्षाच्या शेवटच्या रविवारी त्यांच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत ‘अर्ध्यावरून उठलेले’ नावाचं एक पान निघे. त्या वर्षी चाळीस ते साठ या वयात गेलेली आठ नामवंत माणसं, प्रत्येकाला एक काळी चौकट, एक फोटो आणि चाळीस शब्द. एकसष्टाव्या वर्षी गेलेला माणूस कितीही मोठा असला तरी त्याची इथे वर्णी लागत नसे. एकोणीस वर्षं हे पान चौकटरावच लावत होता. आधी माणसाचा स्वभाव गाळायचा, मग आजार गाळायचा, उरेल ते छापायचं, असं तो नव्या लोकांना शिकवी.

यंदा सात चौकटी केव्हाच भरल्या होत्या. त्यांत एक वैमानिक होता, एक शिल्पकार, धावण्याच्या शर्यतींची एक प्रशिक्षक, हाडांचा एक डॉक्टर. आठवी चौकट त्याच्या ताईची होती.

ताई मार्चमध्ये गेली, एक्कावन्नाव्या वर्षी. तिने जन्मभर गांडुळांवर संशोधन केलं. जगात जेमतेम अकरा माणसं तिला ओळखत असतील, पण ती अकराही नावाजलेली होती. आईला मात्र लेकीच्या कामाची लाज वाटायची. कोणी विचारलं की “बागेचं काहीतरी बघते” म्हणून ती विषय बदलायची, आणि ताई शेजारी बसून हसायची. ताई गेल्यापासून आईने एकच धोशा लावला होता. पोरीने नेमकं केलं काय, ते पेपरात छापून येऊ दे, मला एकदा ऐकू दे. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडल्यापासून तिला नुसता उजेड-अंधार कळे. पुरवणीच्या संपादक बाईंनी ताईचं नाव मान्य केलं, त्याने ते आईला सांगितलं आणि आईने समोरच्या काकूंना. काकू छापखान्यापेक्षा जलद होत्या.

आणि गुरुवारी तो विनोदी नट दवाखान्यात दाखल झाला. वय बावन्न. पान शनिवारी संध्याकाळी सहाला छपाईला जायचं होतं. बाईंनी आडपडदा ठेवला नव्हता.

“सहाच्या आत गेला तर तो. नंतर गेला तर तुमची ताई. त्याने घरोघरी हसवलंय हो, गांडुळं कोण वाचणार? दर तासाला फोन करत जा.”

त्यामुळे लोकांच्या मरणावर पानं लावणारा चौकटराव दोन दिवस एका परक्या माणसाच्या जगण्यासाठी देव पाण्यात घालून बसला होता. सोमवारी तो गेला असता तरी याचं काही अडलं नसतं. हे त्याला कळत होतं आणि स्वतःचीच किळस येत होती.

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी फोन वाजला.

“गेले,” ती म्हणाली. “पाच मिनिटं झाली. अजून बाहेर कोणाला सांगितलं नाही. सगळे पेपरवाले विचारायचे, कधीपर्यंत कळेल. तुम्ही एकटेच विचारायचात, अजून आहेत ना. म्हणून म्हटलं, तुम्हाला आधी सांगावं.”

त्याने घड्याळाकडे पाहिलं.

“उद्याच्या पेपरात येईल ना त्यांचं? सासूबाईंना वाचून दाखवायचंय.”

“बघतो,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पंचवीस मिनिटं काढायची होती. तो टेबलाशी बसून ताईच्या चौकटीतला एक स्वल्पविराम काढत राहिला, परत घालत राहिला. पावणेसहाला बाई मागून गेल्या.

“काय, आहे का अजून?”

“आहेत.”

सहाला दहा कमी असताना भिंतीवरच्या टीव्हीत नटाचा फोटो आला आणि खाली त्याच्या जाण्याची वेळही आली. बाईंनी ती वाचली, मग त्याच्याकडे पाहिलं.

“मघाशी फोनवर कोण होतं?”

त्याने मान खाली घातली.

“असू दे. चाळीस शब्द, दहा मिनिटं. आणि ताईला तुम्हीच काढा. दुसऱ्या कोणी काढलेलं तुम्हाला बरं वाटायचं नाही.”

“बाई, पुढच्या वर्षी तिला...”

“पुढच्या वर्षीचे पुढच्या वर्षी मरतील,” बाई म्हणाल्या.

त्याने ताईला काढलं. नटाला बसवायला त्याला सात मिनिटं लागली, आणि ते चाळीस शब्द झकास जमले होते.

रविवारी सकाळी आई ठेवणीतले कपडे घालून, केस विंचरून खुर्चीत बसली होती. खरं काय ते सांगून टाकायचं, असं पेपर घेऊन जिना चढेपर्यंत त्याचं ठरलेलं होतं.

“आलं?”

“आलं,” तो म्हणाला, आणि पेपर उघडून पाठ असलेलं बोलायला लागला.

“जमिनीखालच्या जीवांवर एकोणतीस वर्षं संशोधन. नापीक माती पुन्हा कसदार करणाऱ्या गांडुळांच्या तीन नव्या जाती त्यांनी शोधल्या. खाणींनी उजाड केलेल्या टेकड्यांवर आज गवत उभं आहे ते त्यांच्यामुळे. हाताला माती लागली नाही तर दिवस फुकट, असं त्या म्हणत. मागे आई आणि भाऊ.”

आई खुर्चीत पुढे सरकली.

“टेकड्यांवर गवत,” ती म्हणाली. “आणि मी सांगत फिरले, बागेचं काहीतरी बघते. फोटो कुठंय?”

त्याने तिचं बोट धरून चौकटीवर ठेवलं. गाल फुगवून डोळे वटारलेल्या नटाच्या तोंडावरून आईने बोट फिरवलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

“हसतेय का?”

“हो.”

“कापून दे मला. काकू यायच्यात बघायला. त्यांच्याकडे पेपर येत नाही. त्यांना तिचं काही कधी खरं वाटलंच नाही.”

त्याने कात्री आणली. काळ्या रेघेवरून सरळ कापत गेला, कुठे तिरकं होऊ दिलं नाही. आईने कात्रण मांडीवर ठेवलं आणि त्यावर दोन्ही तळवे दाबून धरले.

दारावरची बेल वाजली.

“उघड ना,” आई म्हणाली. “आणि काकूंना सांग, मोठ्याने वाचा.”