आपल्या माणसाचं मलम

होळीनंतर आलेल्या हिंदुरावांच्या पत्राला रंगनाथरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा जयपूरच्या बनी पार्कातल्या त्यांच्या गच्चीवर सून पापड वाळत घालत होती. आता कूलरची खस बदलून झाली, दुपारी रस्ते ओस पडू लागले, तरी पत्र जाडजूड शब्दकोशात दडपलेलंच राहिलं.

हिंदुरावांना ऐकू कमी येई, म्हणून ते फोनच्या वाटेला जात नसत. कोरेगावला जुनं घर नीट करायला म्हणून गेले आणि तिथून त्यांनी लिहिलं होतं : 'वैष्णवीचं तोंड आता आरशावानी झालं असंल. मलम संपलं तर आमच्या योगेशकडनं घे, फ्रिजवर ठिवलंय. आभार मानू नगंस.'

आभार. रंगनाथराव तो शब्द पुन्हा पुन्हा वाचत. उभी नोकरी रेल्वेच्या राजभाषा विभागात साहेबांची पत्रं सुधारण्यात गेली. पण स्वतःचं एक पत्र लिहायचं म्हटलं की पहिल्याच ओळीशी हात थांबे. आपलंच काही चुकत असेल, असं त्यांना आधी वाटायचं. नेहमीच वाटायचं.

गेल्या दिवाळीची गोष्ट. नात वैष्णवी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. दोन्ही गाल मुरुमांनी भरलेले, काही पिकलेले, काही आतल्या आत ठसठसणारे. मुलगा कोट्याला, सून शहराच्या झालाना भागातल्या ऑफिसात सकाळपासून संध्याकाळपर्यंत. वैष्णवीनं जवाहर नगरची एक त्वचेची डॉक्टर स्वतःच शोधून काढली होती.

"आजोबा, फक्त बरोबर चला. मतलब, मला एकटीला ऑकवर्ड होतं."

रंगनाथरावांना तर तिच्याहून अवघडल्यासारखं झालं. परक्या बाईसमोर बसायचं, ती मुलीच्या पाळीचं वगैरे विचारणार, आपण कुठं बघायचं? ते म्हणाले, "आधी आपल्या डॉक्टरांना दाखवू या. आपला माणूस आहे."

'आपले डॉक्टर' म्हणजे हिंदुराव. खरं तर ते रेल्वेच्या दवाखान्यात औषधं देणारे फार्मासिस्ट. पण जयपूरच्या मराठी मंडळात त्यांना सगळे डॉक्टरच म्हणत. बदली होऊन आलेल्या माणसाला हिंदीत दुखणं सांगता येत नसे. हिंदुराव मराठीत ऐकून घेत, पाठीवर हात ठेवत. मंडळाच्या गणपतीच्या पत्रिकेवर त्यांच्या नावाआधी पहिल्यांदा 'डॉ.' लिहिलं ते रंगनाथरावांनीच, आदरानं. हिंदुराव हसले होते. खोडायला मात्र त्यांनी सांगितलं नाही.

"आरं, त्या कातडीवाल्या बाईकडं कशाला जातोस?" हिंदुरावांनी वैष्णवीची हनुवटी खिडकीकडे वळवली. "घंटाभर बसवंल आन् दोन शबुद बोलायची न्हाई."

त्यांनी कपाटातून एक ट्यूब काढली. वैष्णवीनं ती उलटसुलट करून पाहिली.

"दादाजी, यात काय आहे?"

"यात माजी माया हाय. लाव गुमान."

तिघंही हसले.

आठवड्यात चेहरा गुळगुळीत झाला. वैष्णवी आरशासमोरून हलेना. रंगनाथराव एरवी मंडळात कोपऱ्यात बसणारे, पण संक्रांतीच्या तिळगुळाला त्यांनी चार घरच्या माणसांना आपणहून सांगितलं, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे.

थंडी ओसरली तसे गाल लाल दिसू लागले. उन्हात गेली की आग व्हायची. वरच्या ओठावर लव आली. एक दिवस मलम चुकलं की पहिल्यापेक्षा दुप्पट पुरळ. हिंदुरावांना विचारलं, तर ते म्हणाले, "सोडलं म्हणून उठलं. सोडायचं न्हाई." आणि ते कोरेगावला निघून गेले. मागून ते पत्र.

वैष्णवी कॉलेजला ओढणी गुंडाळून जाऊ लागली, मग जाईनाशी झाली. एका सकाळी म्हणाली, "आजोबा, आता माझ्या मनाचं." ते मुकाट्यानं चप्पल घालून निघाले.

जवाहर नगरच्या दवाखान्यात बाकावर योगेशची मुलगी मयूरी बसलेली. योगेश हिंदुरावांचा मुलगा, ही त्यांची नात. तिचे गाल स्वच्छ होते, नुसते फिकट डाग राहिलेले.

"अरे, तुम्ही पण इथे?" मयूरी सरकून बसली. "डॉक्टर बहुत अच्छी है. वेळ लागतो, पण मुरूम जातात. मला एक साल झालं."

"तुला कोणी सांगितलं हिच्याबद्दल?" रंगनाथरावांनी विचारलं.

"दादाजींनी. तेच घेऊन आले होते पहिल्यांदा."

"आणि ते मलम? फ्रिजवरचं?"

"ते? हात पण नाही लावू देत. म्हणतात, चेहऱ्याचं काम आहे, डॉक्टरच पाहिजे."

मयूरी सहज बोलून गेली. रंगनाथरावांनी वैष्णवीकडे बघायचं टाळलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

आत डॉक्टरीणबाईंनी ट्यूब दिव्याखाली धरली. "ये किसने लिखी थी?"

"आमच्या... हमारे एक डॉक्टर हैं," रंगनाथराव म्हणाले.

"डॉक्टर हैं?"

वैष्णवी म्हणाली, "नहीं."

बाईंनी समजावलं. यात स्टेरॉइड आहे. आधी चेहरा छान दिसतो, मग कातडी पातळ होते, आणि थांबवलं की उसळून येतं. बरं होईल, पण आधी हे सुटायला महिने जातील, मग मुरुमांचं बघू. बोलायला त्यांनी अजिबात घाई केली नाही.

रिक्षात वैष्णवी म्हणाली, "त्यांना माहीत होतं. मयूरीला नाही लावलं, मला लावलं."

"हो."

"तुम्ही त्यांना बोलणार?"

त्यांनी खिशातून रिक्षाचे सुटे पैसे काढून मोजायला घेतले.

"तुम्ही त्यांच्यासमोर कधीच काही नाही बोलत. माझ्यासाठी पण नाही?"

त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली. रंगनाथराव रोज कागद घेऊन बसत. तीस वर्षांचा सोबती. बायको गेली तेव्हा रात्रभर शेजारी बसलेला. पण त्याच हातांनी त्यानं स्वतःची नात दवाखान्यात नेली आणि माझी नात कपाटापाशी थांबवली. डॉक्टर म्हणवून घ्यायची हौस फिटली पाहिजे, म्हणून. ती हौस लावली कुणी? इथं आलं की पेन थांबे.

जूनमध्ये मंडळाच्या सुलोचनाबाईंचा फोन आला. "रंगनाथजी, डॉक्टर गणपतीला येतायत ना? आमच्या प्रियंकाच्या तोंडावर फार उठलंय. तुम्हीच म्हणाला होतात, वैष्णवीला गुण आला."

पलीकडच्या खोलीत वैष्णवीच्या खुर्चीचा आवाज थांबला.

"सुलोचनाबाई," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "हिंदुराव डॉक्टर नाहीत. त्यांच्या मलमानं वैष्णवीचा चेहरा बिघडला. प्रियंकाला त्वचेच्या डॉक्टरकडे न्या. कुणी नसेल, तर मी येतो बरोबर."

फोन ठेवला आणि त्यांनी शब्दकोशातून पत्र काढलं. उत्तर एका बैठकीत झालं. कच्चं न करता.

'हिंदुराव, तुमच्या मलमानं वैष्णवीचं तोंड भाजल्यासारखं झालं आहे. मयूरीला तुम्ही कुठं नेलंत ते मला तिच्याकडूनच कळलं. माझ्या नातीला तिथंच न्या, एवढं एक वाक्य तुम्ही बोलला असतात तर पुरलं असतं. तुमच्या नावाआधी मी लिहिलेली अक्षरं मी मागे घेतो. मंडळात मी स्वतः सांगणार आहे. फ्रिजवरच्या ट्यूबा योगेशला फेकायला सांगा. रंगनाथ.'

वैष्णवीनं ते ओळीवर बोट ठेवून, सावकाश वाचलं. मग पाकिटावरचा पत्ता बघितला.

"डॉ. नाही लिहिलं."

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि खुंटीवरची ओढणी घेतली. "चला, मी पण येते."

कलेक्टरेट सर्कलजवळची टपालपेटी उन्हानं तापली होती. रंगनाथरावांनी पाकीट फटीत धरलं आणि क्षणभर तसंच धरून ठेवलं. वैष्णवी शेजारी उभी होती. त्यांनी बोटं सोडली.