तोफेच्या गावी घर पाहायला

नीहारबाबूंचं पत्र मार्गशीर्षात आलं होतं. होळी जवळ आली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र साध्या हिंदीत होतं. त्यांचा मुलगा देबाशीष आणि आमची अमिता पुण्याला एकाच कचेरीत आहेत, दोघांना लग्न करायचं आहे, तुमचं मत कळवा. शेवटी एक ओळ होती: ‘एकदा आमच्या बिष्णुपूरला या. नागपूरकडची माणसं येणार म्हणून तोफ पुसून ठेवतो.’

ही थट्टा होती. दुसरा कुणी हसला असता. मी पुस्तकं काढून बसलो. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी अठराव्या शतकात बंगालात, पार बिष्णुपूरपर्यंत, जी लूटमार केली ती वाचत गेलो. तिकडे त्यांना बर्गी म्हणतात. आमचं सौंसर गाव मध्यप्रदेशात, पण नागपूरच्याच अंगणातलं. उत्तर लिहायला घेतलं की पहिल्याच वाक्यात मी इतिहासाची क्षमा मागायचो आणि कागद फाडायचो. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ तिकडची मंडळी नकार असा घेऊ लागली होती. अमिता फोनवर एवढंच म्हणायची, “बाबा, तुमचं उत्तर गेल्याशिवाय मी पुढं जाणार नाही.”

शेवटी माझ्या बायकोनं, पंचफुलानं, ठरवलं.

“घर पाह्यल्याबिगर आपल्यात कोणी शब्द देते काय? चला, पाहून येऊ. अन् सांगून नाही जायचं. सांगून गेलं का लोकं चादरी बदलतेत.”

बागेतली संत्री तोडून झाल्यावर आम्ही निघालो. नागपूरहून एक गाडी, खरगपूरला दुसरी. बिष्णुपूर म्हणजे तळी, ताडाची झाडं, तांबडी माती आणि कुणालाच घाई नसलेले रस्ते. स्टेशनबाहेरच्या ई-रिक्षावाल्याला मी पत्ता दाखवला. पण घर जवळ येऊ लागलं तसा माझा धीर सुटला.

“आधी एखादं देऊळ पाहू,” मी म्हणालो.

“पाहा,” पंचफुला म्हणाली. “भेव वाटून राह्यलं तं देवच बरा.”

रिक्षावाल्यानं जोडबांगला देवळापाशी नेलं आणि तो बाहेर थांबला. गवताच्या दोन झोपड्या पाठीला पाठ लावून उभ्या कराव्यात तसा त्याचा आकार. पण सगळं विटांचं, आणि सगळ्या भिंती भाजलेल्या मातीच्या चित्रांनी भरलेल्या. शरपंजरी भीष्म. होड्या, वल्ही मारणारे लोक. शिकारी, हत्ती, हंसांच्या रांगा. बोटाएवढ्या बाईच्या हातात बांगड्या. मी मान वर केली. छताजवळ, जिथं कुणाची नजर ठरणार नाही, तिथल्या माणसांनाही तितक्याच जपून नाकडोळे दिलेले होते.

हे देऊळ बर्गी येण्याच्या खूप आधीचं. त्यांच्याविषयी मी इतकी पानं वाचली, पण ते आले तेव्हा इथं काय उभं होतं हे कधी वाचलंच नव्हतं. माझ्या लेखी हे गाव म्हणजे आपल्या लोकांनी दिलेली एक जखम होती, बस. आता ऊन उतरत होतं आणि भिंत आतून पेटल्यासारखी लाल होत होती. क्षमेचं ते वाक्य मला आठवलंही नाही.

“अवो,” पंचफुला हळूच म्हणाली, “हे हातानं केलं काय?”

“हातानंच.”

ती पदर सावरून तिथंच पायरीवर बसली.

तिथून घराकडे निघालो तेव्हा वाटेत तोफ लागली. एका ओट्यावर, उघड्यावर, दोन माणसं निजतील एवढी लांब. “बर्गी आए थे, तब मदनमोहन ठाकुर ने खुद चलाई,” रिक्षावाला म्हणाला. मदनमोहन म्हणजे इथला कृष्ण, गावाचा देव. “ऐसा सब बोलते हैं. आप लोग कहाँ से?”

मी “मध्यप्रदेश” म्हणून मोकळा झालो असतो.

“नागपूर के बाजू से,” पंचफुला म्हणाली.

त्यानं मागं वळून आम्हाला पाहिलं. मी चष्मा पुसू लागलो.

“बहुत देर कर दी, मासीमा,” तो म्हणाला, “घोड़ा कहाँ छोड़ा?” आणि दोघं इतके हसले की रिक्षा हलली. मलाही हसू आलं.

मग घर आलं. बैठं, पिवळं, दारात तुळस. ओसरीवर एक म्हातारा, बहुधा नीहारबाबूच, चष्मा कपाळावर चढवून पेपर शोधत होता. पेपर त्याच्याच मांडीवर होता. मी रिक्षा थांबू दिली नाही.

“काहून?” पंचफुला म्हणाली.

“न सांगता आलो. काय बोलू?”

“मंग घर कसं वाटलं ते तं सांगा.”

मी देवळाचं सांगू लागलो. होड्या, हंस, छताजवळची माणसं.

“देवळाले द्याची हाय काय पोरगी?”

“अशा गावात द्यायची आहे,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. “मंग हेच लिवा ना त्यायले.”

पोस्ट ऑफिसच्या बाकावर बसून मी एका दमात लिहिलं, क्षमा न मागता: आम्ही तुमचं गाव पाहिलं. लेक द्यायला आमची ना नाही. आता तुम्ही सौंसरला आमचं घर पाहायला या, हवं तर न सांगता. खाली सही केली आणि पाकीट लाल पेटीत टाकलं.

“घर त्या वळनावर,” पंचफुला म्हणाली, “अन् हे पोस्टानं धाडून राह्यले.”