अठरावी वस्तू

पिशवीत सतरा वस्तू होत्या. वंदनानं त्या दोनदा मोजल्या. बॅटरी, तिचे वेगळे ठेवलेले सेल, शिट्टी, दोरी, जाड प्लास्टिकमध्ये रेशनकार्ड आणि सातबारा, दोन किलो फुटाणे, आणि असंच बाकीचं. सगळ्यात वर तृप्तीच्या टपोऱ्या अक्षरातली यादी.

तृप्ती तिची धाकटी जाऊ. लग्नाला सात महिने झालेले. शहागडात गोदावरीच्या काठच्या घरांना ग्रामपंचायतीनं पुरासाठी एकेक पिशवी भरून ठेवायला सांगितली होती, आणि तृप्तीची पिशवी अख्खी गल्ली बघून गेली. सासू नंदाबाई येईल तिला सांगायची, "माझ्या धाकटीनं समदं घर एका पिशवीत बसवलं बघा." अकरा वर्षं वंदना हे घर सांभाळत होती. ते बघायला कोणी आलं नव्हतं.

म्हणून ती चूक शोधत होती, आणि ती सापडली. नंदाबाईच्या बीपीच्या गोळ्या पिशवीत नव्हत्या.

नंदाबाई त्या मिसरीच्या डबीत ठेवायची. सकाळी मिसरी लावून तोंड धुतलं, की तिथलीच एक गोळी. पण मिसरीनं तोंडाचा कॅन्सर होतो, असं धाकटीनं आल्या आल्या समजावलं, आणि लाजेनं डबी ज्वारीच्या कोठीमागं गेली. गोळ्याही तिच्याबरोबर गेल्या. हे एकट्या वंदनाला ठाऊक होतं. तिनं पिशवीची चेन लावली आणि ती होती तशी जागेवर ठेवून दिली.

चारच दिवसांनी धरणाचं पाणी सोडलं. नंदाबाईला पहिल्या टेम्पोत बसवून उंचावरच्या शाळेत नेलं. वंदना मागून निघाली, ती कोठीमागची डबी कमरेला खोचून. सासू सगळ्यांदेखत मागेल, तेव्हाच काढायची.

शाळेत तृप्तीच्या बॅटरीच्या उजेडात तीन घरं जेवली. तलाठ्यानं तिच्या यादीचा फोटो काढून घेतला. वंदना डबी चाचपत राहिली.

सकाळी ती सासूजवळ बसली. "आत्या, काही राह्यलं का घरी?"

नंदाबाईनं पाणी वाटणाऱ्या तृप्तीकडं पाहिलं. "न्हाई गं. पोरीनं समदं बराबर आणलंय."

"बघा बरं आठवून."

"बिलकुल काही न्हाई राह्यलं."

वंदनाचं अंग पेटलं. मंग बसा तशाच, असं मनात म्हणून तिनं डबीवर पदर ओढला. दुसऱ्या सकाळी तिनं विचारलंसुद्धा नाही.

तिसऱ्या सकाळी नंदाबाई उठायला गेली आणि भिंत धरून खाली बसली. डोकं गरगरत होतं. आरोग्य केंद्राच्या सिस्टर मशीन घेऊन आल्या, दंडाला पट्टा बांधता बांधता त्यांनी औषधाचं विचारलं.

तृप्ती यादी हातात घेऊन पुढं झाली. "आत्यांना कसलीच गोळी चालू नाही, सिस्टर."

नंदाबाई मान खाली घालून होती. पट्टा फुगत होता. वंदनानं कमरेची डबी काढली, झाकण उघडलं आणि सिस्टरच्या पुढ्यात ठेवली. मिसरीत अर्ध्या बुडालेल्या पाकिटात बारा गोळ्या होत्या.

सिस्टरनी आधी मशीनवरचा आकडा वाचला. वरचा एकशे ब्याण्णव, खालचा एकशे दहा.