तुरीचं पान उघडलं नाही

मित्रांनो, कोठीतल्या मोडक्या खुर्च्यांमागे, गोणपाटाखाली झाकून ठेवलेला मी एक जुना संगणक आहे. आमच्या परभणीत मला सगळे कंपुटर म्हणायचे. मला तेच नाव गोड वाटतं.

ब्याण्णव साली मी इथल्या एका शेतकी कार्यालयात आलो, तेव्हा काय थाट होता माझा! माझ्या खोलीत चप्पल घालून यायची कुणाची टाप नव्हती. दिनकरराव साहेब स्वतःच्या रुमालाने मला पुसायचे. माझ्यावर काम करायला महानंदाताई होत्या. त्या रोज पूर्णेहून रेल्वेने यायच्या. नोकरी हंगामी होती. वडील रेवणप्पा यांनी घरी बजावून ठेवलं होतं, "नोकरी पक्की झाली तर ठीक, न्हाई तर दिवाळीनंतर स्थळं बगायची." ताईंना इतक्यात लग्न करायचं नव्हतं.

दसऱ्यानंतर शेतकरी मेळावा होता. त्यासाठी ताईंनी माझ्या पडद्यावर कापूस, ज्वारी आणि तूर अशी तीन बटणं काढली. माझ्या वरच्या रांगेतली पहिली कळ दाबली की कापसाच्या किडींची चित्रं यायची, दुसरीने ज्वारीची, तिसरीने तुरीची. प्रत्येक कळेमागे हुकुमांची एक साखळी लिहावी लागते, तिला मॅक्रो म्हणतात. मेळावा नीट पार पडला तर नोकरी पक्की करू, असं साहेबांनी कबूल केलं होतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी नांगर, तिफण, वजनकाटा सगळ्यांची पूजा होते, तर मी एकटा कसा सुटणार? साहेबांनी मला हार घातला, ओलं कुंकू लावलं आणि मूठभर अक्षता वाहिल्या, त्याही थेट कळांवर. कुंकवात भिजलेले दाणे तिसऱ्या कळेखाली घरंगळले आणि तिथेच वाळून घट्ट बसले. मला सगळं कळत होतं, पण मला बोलता कुठं येतं?

सुट्टी संपली. ताईंनी तुरीत एक नवं चित्र घातलं आणि कळ दाबली. उघडेना. त्यांना वाटलं, नवं चित्र घालतानाच काहीतरी बिघडलं. चित्र काढलं, तरी नाही. हुकूम पुसून पुन्हा लिहिले, तरी नाही. ज्वारीच्या ओळींशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. अहो, चूक तिथं नव्हतीच, तर सापडणार कशी!

"साहेब, तूर ज्वारीच्या कळेवर टाकून बगू का?" ताईंनी विचारलं.

"जे चालायलंय त्याला हात लावू नका," साहेब म्हणाले. "मशीन चुकत नसतंय बाई, माणूस चुकतंय."

माझी स्तुती मला कधी इतकी झोंबली नव्हती.

तिन्ही पिकं आधीच जाहीर झाली होती, म्हणून मेळाव्यात साहेबांनी झरीचे शेतकरी बन्सीधर यांना तुरीचं बटण दाबायला पुढे बोलावलं. त्यांनी दाबलं, पुन्हा दाबलं. "बाई, मी लय दाबायलोय, पर तूर काय निघंना," ते म्हणाले. सगळा मंडप हसला. साहेबांचं तोंड काळंठिक्कर पडलं. ताईंची मुदत वाढली नाही. शेवटच्या दिवशी माझ्यावर कापड टाकताना त्या पुटपुटल्या, "मलाच जमलं न्हाई."

दिवाळी झाल्यावर नांदेडहून एक मेकॅनिक आला. त्याने माझ्या कळांची पाटी उलटी धरून आपटली. कुंकवाने लाल झालेले तांदूळ टेबलावर सांडले. त्याने तिसरी कळ दाबली आणि तूर उघडली. साहेबांनी त्याला मेळाव्याची आणि ताईंची हकीकत सांगितली.

"त्या बाईला कळवा की साहेब," मेकॅनिक म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. लगीन ठरलंय म्हणे तिचं," असं म्हणून साहेबांनी दाणे हाताने झटकून टाकले.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण अक्षता बाजूच्या पाटावर वाहा. आमचं काही अडलं, तर माणसाला बोल लावण्याआधी एकदा आम्हालाही उलटं करून बघा. माझं काय, माझे दिवस सरले. पण ताई अजूनही स्वतःलाच दोष देत असतील. तुमच्यापैकी कुणी पूर्णेला गेलात, तर रेवणप्पांच्या घरी ताईंच्या सासरचा पत्ता विचारा. त्यांना एवढंच सांगा की त्यांचा एकही हुकूम चुकला नव्हता.