माझ्यावर टांगलेला ओटा

मित्रांनो, मी एक जुनी विटांची भिंत आहे. म्हणजे, आहे असे मला इतकी वर्षे वाटत होते. आता माझाच गोंधळ उडाला आहे.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या एका लहान गावात गवंड्याने मला उभे केले. माझ्या पाठीशी लाकडी सांगाडा होता. त्याला मी पत्र्याच्या पातळ पट्ट्यांनी अडकवलेली होते. घराचा सारा भार सांगाड्यावर. मी नुसती ऊन-पाऊस झेलत होते. पण येणारे-जाणारे म्हणायचे, "काय मजबूत घर आहे!" ते ऐकून मी फुगून जायची.

घरमालक व्हर्लिन. त्याची बायको इमोजीन पक्षाघातानंतर चाकांच्या खुर्चीत बसली. तिला मागच्या दारातून सरळ उन्हात येता यावे, म्हणून त्याने लाकडी ओटा बांधायला घेतला. चर्चमधले मित्र हातोड्या आणि तळलेली कोंबडी घेऊन मदतीला आले. ओट्याच्या बाहेरच्या कडेला त्यांनी खांब रोवले. आतली कड मात्र बोल्ट ठोकून माझ्या विटांवरच टांगली.

"अगं, वीट आहे ती! ट्रक टांगला तरी हलायची नाही," व्हर्लिन इमोजीनला म्हणाला.

मला आनंद व्हावा की भीती वाटावी, तेच कळेना.

मे महिन्यात, गेलेल्यांच्या स्मृतिदिनी, सगळे नातलग कबरींवर फुले वाहून आमच्याकडे जेवायला जमले. फोटोसाठी सारे ओट्यावर इमोजीनभोवती, अगदी मला खेटून उभे राहिले. माझ्या पट्ट्या ताणल्या गेल्या. ओरडावेसे वाटले, पण भिंतीला तोंड कुठे असते?

इतक्यात इमोजीनच्या खुर्चीचे चाक माझ्यालगतच्या फटीत रुतले. सकाळी तिथे फट नव्हती.

"व्हर्लिन, सगळ्यांना खाली उतरव. आत्ताच्या आत्ता!"

"अगं, फोटो तर होऊ दे…"

"फोटो गेला खड्ड्यात! विटा बाहेर येतायत!"

त्याने तिला खुर्चीसकट दारातून आत ओढले. बाकीचे खाली उतरले. व्हर्लिन तिच्या खुर्चीशेजारी येऊन बसला.

"तुझ्यासाठी बांधला गं, आणि तुलाच घेऊन गेला असता."

"मग पुन्हा बांध. रडतोस काय, म्हाताऱ्या?"

त्याने बोल्ट काढले, माझ्या विटा नीट बसवल्या आणि माझ्या बाजूलाही खांब रोवले. आता ओटा स्वतःच्या पायांवर उभा आहे. आमच्यात बोटभर अंतर आहे. मी दुबळी ठरले की वाचले, हे मला अजून उमगलेले नाही. मित्रांनो, कोणावर भार टाकण्याआधी त्याला किती पेलते, तेवढे विचारत जा.

दुपारी इमोजीन उन्हात बसते. डुलकी लागली की तिचे डोके माझ्यावर टेकते. तेवढे मला पेलते.